स्पोकशेव्ह

स्पोकशेव्ह : लाकडाचे वक्र पृष्ठभाग तासून गुळगुळीत करण्याचे दोन मुठींचे हातहत्यार. इंग्रजीत ‘स्पोक’ म्हणजे चाकाचा आरा. आरे घडविण्याच्या कामावरून हे नाव पडले व ते सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून आढळते. महाराष्ट्रातील सुतार बैलगाडीचे आरे मुख्यत्वे वाकसाने तासीत; इंग्लंडमध्ये कुऱ्हाड व ओढून चालविण्याची दुमुठी सुरी यांनी ठोकळ आकार दिल्यावर अखेरची सफाई स्पोकशेव्हने होई. फार्नम येथील चाके बनविणाऱ्या कार्यशाळेचे मालक जॉर्ज स्टर्ट यांनी द व्हीलराइट्स शॉप (१९२३) या ग्रंथात या व्यवसायाचे तपशीलवार वर्णन केले आहे.

जुने स्पोकशेव्ह बीचसारख्या कठीण लाकडाचे असे. पात्याची दोन्ही टोके काटकोनात वळवून लाकडातील भोकांत घट्ट बसवीत. पाते तळाशी जवळजवळ समांतर राहत असल्याने छेदनकोन लहान असे व तंतूंच्या कापलेल्या टोकांवरही हत्यार सफाईने चाले. खोली बदलण्यासाठी पात्याच्या टोकांवर हातोडीचे हलके ठोके द्यावे लागत. तळ झिजून तोंड रुंदावू नये, म्हणून पात्यापुढे पितळी पट्टी बसविण्याची पद्धत होती.

अमेरिकन कारागीर लेनर्ड बेली यांनी १८५८ मध्ये ओतीव लोखंडी स्पोकशेव्हचे एकस्व मिळविले. १८६९ मध्ये त्यांची एकस्वे स्टॅन्ली कंपनीकडे गेली. या प्रकारात पाते रंध्याप्रमाणे तिरपे बसते. पुढे १५१ क्रमांकाच्या नमुन्यात खोली दोन स्क्रूंनी ठरविण्याची सोय झाली. जुळवणी सोपी झाली, तथापि लहान छेदनकोनाचा लाभ गेला. कारागिराच्या हातातील कौशल्याचा काही भाग अशा रीतीने हत्यारात आला. जुळवणीची गरज मात्र संपली नाही.

पाते निसण्यावर पाजळून त्याची सपाट बाजू आरशासारखी करतात. ते आसनावर सर्वत्र टेकले नाही, तर थरथरते व लाकडावर लाटा उमटतात. म्हणून ओतीव आसनाचे उंचवटे कानशीने काढतात. तोंड अरुंद ठेवल्यास तंतू उपटले जात नाहीत. पाते प्रथम तळाच्या आत ठेवून, छिलका पातळ निघेपर्यंत थोडे थोडे पुढे आणतात. काही कारागीर ते किंचित तिरके बसवितात. त्यामुळे एका बाजूने जाड व दुसऱ्या बाजूने पातळ छिलका निघतो.

बहिर्वक्र भागासाठी सपाट, तर अंतर्वक्र भागासाठी गोलसर तळ वापरतात. हत्यार ढकलून किंवा ओढून चालविता येते. परंतु नेहमी उंच भागाकडून सखल भागाकडे जावे लागते. खोलगट वळणात दोन्ही टोकांकडून मध्याकडे तासतात. मध्य ओलांडल्यास तंतू उलटे पडून फाटतात.

विसाव्या शतकात मोटारींमुळे लाकडी चाकांचा व्यवसाय मागे पडला. खुर्च्यांचे पाय, वल्ही, धनुष्ये व हत्यारांचे दांडे यांसाठी मात्र स्पोकशेव्ह आजही वापरतात. लहान छेदनकोनाच्या गुणामुळे जुन्या लाकडी पद्धतीची स्पोकशेव्हही पुन्हा बनविली जाऊ लागली आहेत.