विमा क्लेमच्या कॉल सेंटरमध्ये मराठी-इंग्रजी नोकरी: रुजू होण्याआधी हे वाचा

केडगाव स्टेशनवरून रोज पुण्याची गाडी पकडणार असाल किंवा घरीच हेडसेट लावून बसणार असाल, विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम तेच. ग्राहक मराठीत बोलतो, नोंद बहुतेक वेळा इंग्रजीत करायची असते. ऐकायला सोपं वाटतं, पण तुमची नोंद पुढे क्लेम तपासणारा माणूस वाचतो.

एका शब्दाने काय बिघडतं?

समजा, वडिलांना ॲडमिट केलेला मुलगा घाबरून सांगतो, "त्यांना आधीपासूनच त्रास होता." आधीपासून म्हणजे दोन दिवस की दोन वर्षं? घाईत 'प्री-एक्झिस्टिंग' लिहिलंत तर क्लेम अडकू शकतो. आरोग्य विम्यात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. म्हणून विचारा, "नक्की कधीपासून? डॉक्टरांना पहिल्यांदा कधी दाखवलं?" आणि जे सांगितलं तेवढंच लिहा.

हे शब्द पक्के करा

- इंटिमेशन: घटना कंपनीला कळवणं.
- कॅशलेस: मंजूर खर्च कंपनी थेट हॉस्पिटलला देते.
- रीइम्बर्समेंट: आधी बिल तुम्ही भरा, मग कागदपत्रं देऊन पैसे मागा.
- सर्व्हेयर: गाडीचं किंवा मालमत्तेचं नुकसान तपासणारा.

'क्लेम रजिस्टर झाला' म्हणजे 'क्लेम पास झाला' नव्हे. हा फरक ग्राहकाला स्पष्ट सांगा. धीर द्या, पण "पैसे मिळतीलच" असं म्हणू नका.

ग्राहक विचारणारच

आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. कंपनीच्या तक्रार विभागाकडून समाधान झालं नाही, तर 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर आहे. त्यापुढे विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

दोन गोष्टी कधीच नाहीत

ग्राहकाकडे बँकेचा ओटीपी किंवा पिन मागू नका. आणि नोकरी देण्याआधी 'ट्रेनिंग फी' किंवा 'डिपॉझिट' मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.

आजच एक सराव करा. घरातल्या कुणालातरी एखादा अपघात मराठीत सांगायला लावा, तो इंग्रजीत चार ओळींत लिहा आणि मग मराठीत परत वाचून दाखवा. "हो, मी हेच म्हणालो," असं उत्तर आलं, की तुमची तयारी झाली.