खजाना विहीर आणि कोयता

बीड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की हैदराबादचे निजाम, 17 सप्टेंबर 1948 आणि 1 मे 1960 एवढेच आपल्याला आठवते. त्याहून जुने एक पान जमिनीखाली आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, 16व्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने बीडजवळ खजाना विहीर बांधली. आखणी राजा भास्कर या स्थापत्यकाराची. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येते, तिसऱ्यातून उताराने शेतांकडे जाते. मोट नाही, उपसा नाही. त्या पाण्याने शेतकऱ्याचा धर्म कधी विचारला नाही.

त्याच जिल्ह्यातून आज दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. ती फिटेपर्यंत सुटका नाही. मुले शाळा सोडून फडावर राहतात. यात वंजारी आहेत, मराठा आहेत, दलित आहेत, आपलेही लोक आहेत.

पर्जन्यछायेतला हा मुलूख कोरडा, हे खरे. पण तो चारशे वर्षांपूर्वीही कोरडाच होता. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी पाणी साठवून शेतापर्यंत पोहोचवले. सलाबतखानाचा वारसा सांगणाऱ्या आपण कोयत्याचाही हिशेब मागितला पाहिजे.