मृतजन्माचं कारण आणि सुनेचा पायगुण

बाळ मृत जन्मलं की आपल्या घरांत दोन गोष्टी लगेच सुरू होतात, दफनाची घाई आणि सुनेच्या पायगुणाची कुजबुज. ते का गेलं, हे क्वचितच विचारलं जातं. वैद्यकशास्त्रालाही या प्रश्नाकडे वळायला फार उशीर लागला.

दहाव्या शतकातले अंदलुसचे शल्यवैद्य अल-झहरावी यांच्या ‘किताब अल-तसरीफ’च्या तिसाव्या भागात पोटात मेलेलं बाळ काढण्याची हत्यारं चित्रांसह दिली आहेत. तेव्हा आईचा जीव वाचवणं एवढंच हातात होतं.

विसाव्या शतकात रक्त बोलू लागलं. 1906 साली उपदंशाची, म्हणजे गरमीची, वासरमान चाचणी आली. अनेक घरांत हा रोग नवऱ्याकडूनच आलेला असे. मग 1939 साली फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेटसन यांनी एका बाईची हकिकत छापली. मृत बाळ जन्मल्यावर तिला नवऱ्याचं रक्त दिलं गेलं. दोघांचा गट ‘ओ’, तरी तिला जबर त्रास झाला. बापाकडून बाळात आलेला रक्तातला एखादा घटक आईच्या शरीराने परका मानला असावा, असा तर्क त्यांनी मांडला. तोच पुढे आरएच घटक म्हणून ओळखला गेला. म्हणजे आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह. आता पायगुण कुणाचा म्हणायचा?

आपल्याकडे 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने ‘मूल’ या शब्दात मृत मूलही धरलं होतं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली 28 आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची वेगळी नोंद होते. पण नोंदीने बाळ मोजलं जातं, कारण शोधायला तपासणीच लागते. बाळाचं वजन आणि बाहेरून पाहणी, वार व नाळ, आईचा रक्तगट, साखर, रक्तदाब, उपदंश. शवविच्छेदन आईबापांच्या परवानगीनेच होतं. ते नको असेल तरी बाकीचं करता येतं आणि त्यासाठी दफन अडत नाही. हनफी परंपरेत अशा बाळाची जनाजा नमाज नसते, पण त्याला गुस्ल देतात, नाव ठेवतात, कपड्यात गुंडाळून दफन करतात. हंबली मतानुसार चार महिन्यांनंतरच्या बाळाची नमाजही होते.

सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचं रुग्णालय म्हणजे आपलं ‘सिव्हिल’. अशा ठिकाणी वार पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगायचं ते प्रसूतिगृहातच, कारण ती मातीत गेली की तपासायला काही उरत नाही. आणि आई निगेटिव्ह असेल तर बाळ मृत जन्मलं तरी 72 तासांच्या आत अँटी-डीच्या इंजेक्शनबद्दल विचारायचं. हे इंजेक्शन 1968 पासून वापरात आहे.