तराजूतून उतरलेली गुंज

फुलझाडे बोंडांसाठी लावून ती वाळवायची, ही हौस युरोपीय समजली जाते. तिकडे कलौंजीच्या कुळातले निजेला फुगीर बोंडांसाठी लावतात; खसखशीची बोंडे देठासकट टांगतात. महाराष्ट्रात खसखशीच्या लागवडीला परवानगी नाही. पण शोभेची शेंग आपल्याकडेही होती, आणि तिच्या दाण्यावर सोने तोलले जात होते. ती म्हणजे गुंज.

कसबा बावड्यात परसातल्या तारेच्या कुंपणावर मी हा वेल वाढवला आहे. बी टणक, गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवायचे आणि पावसाच्या तोंडावर पेरायचे. पाला गोड, विड्यात घालतात. पावसाळा सरताना येणारी फिकट गुलाबी-जांभळी फुले पानांत लपून जातात. शोभा येते ती हिवाळ्यात. शेंग तडकते, साली मागे वळतात आणि काळ्या डोळ्याचे तांबडे दाणे सालीलाच चिकटून राहतात. तडकू लागलेले घोस कापून सावलीत उलटे टांगले की रंग टिकतो.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. कंपनी सरकारने १८३३ मध्ये आपल्या मुलखात तोळा १८० ग्रेनचा ठरवला. त्या हिशेबाने गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची. प्रत्यक्षात दाणा थोडा कमी-अधिक भरतो, त्यामुळे तो निवडून घ्यावा लागे. युरोपातला ‘कॅरट’ हा शब्दही कॅरोब नावाच्या शेंगेवरूनच आला.

१९५६ च्या वजनमाप कायद्याने मेट्रिक पद्धत आणली. तोळा टिकला, तोही दहा ग्रॅमचा होऊन. गुंजेचे काम मात्र संपले. कोल्हापूरच्या गुजरीत आता इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. काम गेले तशी जागाही जाते आहे. कुंपणांच्या जागी विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, की वेलाला आधार उरत नाही.

वेल लावणाऱ्याने एक जपावे. दाण्यात ॲब्रिन हे जहाल विष असते. चावलेला किंवा फोडलेला दाणा जीव घेऊ शकतो. म्हणून त्याला भोक पाडून माळा करू नयेत, आणि घोस मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतके उंच टांगावेत.

‘गुंजभर सोने’ हा शब्दप्रयोग शब्दकोशात राहील. पण गुंजभर म्हणजे नेमके किती, हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर वेल कुणाच्या तरी परसात वाढत असला पाहिजे.