दातावर दात आवळताना जबड्यात काय घडते?

बेंबळी (जि. धाराशिव) : रब्बी ज्वारीच्या या पट्ट्यात भाकरी हे रोजचे अन्न. घास चावताना मध्येच कच लागली की जबडा जागीच थांबतो. 'कच लागली' असे मनात येण्यापूर्वीच स्नायू सैल पडलेले असतात. दात केवळ दळण्याचे काम करीत नाहीत, तर जबड्याच्या स्नायूंना सतत बातमीही पुरवितात, हे या साध्या अनुभवातून कळते.

बातमी कोण देते?

दाताचे मूळ हाडात थेट रुतलेले नसते. दोहोंमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. त्यातील मज्जातंतू दातावर पडणाऱ्या दाबाची दिशा व प्रमाण मेंदूला कळवितात. त्यामुळेच दाढेतील नवे सिमेंट केसभर उंच राहिले, तरी ते लगेच खुपते. अशा वेळी जबडा मिटताना तो उंचवटा टाळण्यासाठी किंचित सरकतो आणि दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा मेळ बदलतो.

कोणते स्नायू, किती जोर?

जबडा मिटणारे प्रमुख स्नायू म्हणजे गालावरील मॅसेटर, कानशिलावरील टेम्पोरॅलिस आणि आतील बाजूचा मेडियल टेरिगॉइड. दात आवळून गालावर व कानशिलावर बोटे ठेवली, तर पहिले दोन टणक झालेले लागतात. दाढा एकमेकींवर नीट टेकलेल्या असतील, तर हे स्नायू पूर्ण ताकद लावतात. निरोगी प्रौढाच्या दाढांवर साधारण ५० ते ७० किलोंचा जोर पडू शकतो. केवळ पुढचे दात टेकवून आवळले, तर स्नायूंची विद्युत क्रिया बरीच घटते आणि जोरही पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर येतो. एकाच बाजूने आवळल्यास त्या बाजूचा टेम्पोरॅलिस अधिक काम करतो.

म्हणूनच काढलेल्या दाढेची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवणे योग्य नव्हे. मागचा आधार गेला, की चावण्याची ताकद घटते, भार उरलेल्या दातांवर येतो आणि कडक भाकरी, हुरडा, ऊस हळूहळू ताटातून नाहीसे होतात.

दात घासून बसवावेत का?

दात आवळण्याच्या सवयीचे मूळ दातांच्या उंचसखलपणात आहे, असा समज दीर्घकाळ होता. त्यापोटी चांगले दातही घासून 'जुळविले' जात. इटलीतील नेपल्स येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र निराळे चित्र दिसले. निरोगी तरुणींच्या दातावर सोन्याची पातळ पट्टी चिकटवून कृत्रिम उंचवटा केला असता, दैनंदिन व्यवहारात मॅसेटरची क्रिया वाढण्याऐवजी कमी झाली. आज आवळण्याच्या सवयीचा संबंध प्रामुख्याने मेंदूचे नियंत्रण, ताणतणाव व झोपेतील बदल यांच्याशी जोडला जातो. लहान मूल रात्री दात खाते ते जंतांमुळे, या समजुतीलाही ठोस आधार नाही.

नव्याने बसविलेले सिमेंट किंवा टोपी उंच लागत असेल, तर ती दंतवैद्याकडून दुरुस्त करून घ्यावीच. परंतु केवळ दात आवळले जातात म्हणून निरोगी दात घासून घेऊ नयेत. झिजविलेले कवच पुन्हा येत नाही.

काय करावे?

दिवसभरात दातांना दात लागण्याचा एकूण काळ जेमतेम १५ ते २० मिनिटांचा असावा, असे मानले जाते. एरवी ओठ मिटलेले असले, तरी वरच्या व खालच्या दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. गाडी चालविताना, संगणकावर काम करताना किंवा रागाच्या भरात दात आवळले जात आहेत का, हे अधूनमधून पाहावे. जाणवताच जबडा सैल सोडावा.

सकाळी उठल्यावर गाल वा कानशिले दुखणे, दात झिजणे, तोंड उघडताना अडकणे, अशी लक्षणे असल्यास दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. रात्री वापरावयाची पट्टी दातांची झीज रोखते. सवय मोडतेच असे नाही. बेंबळीसारख्या गावांतील रुग्णांना लातूर येथील दंत महाविद्यालय, तसेच छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत.

'दातओठ खाणे' हा वाक्प्रचार मराठीने रागासाठी राखून ठेवला आहे. तो रोजचा शिरस्ता झाला, तर त्याची किंमत दात आणि स्नायू दोघांनाही मोजावी लागते.