कानाचं मशीन आणि आठ आठवडे

आजोबांचं कानाचं मशीन टेबलाच्या खणात पडून होतं. दुकानात ते अर्ध्या तासात बसवून मिळालं. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी कानात घुसली आणि चौथ्या दिवशी मशीन खणात गेलं. “सगळ्याचा आवाज येतो, पण बोलणं काही कळत नाही,” ते म्हणाले. घरात सगळ्यांना हा त्यांचा हट्टीपणा वाटला. मलाही.

पुढे श्रवणयंत्रांचा इतिहास वाचताना कळलं, की आजोबांची ही तक्रार ऐंशी वर्षांपूर्वी एका माणसाने फार गांभीर्याने घेतली होती.

रेमंड कारहार्ट अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवत. तिथे श्रवणशास्त्र शिकवणारे सी. सी. बंच १९४२ मध्ये वारले आणि त्यांचा वर्ग कारहार्ट यांच्याकडे आला. दुसरं महायुद्ध चालू होतं. तोफा आणि स्फोटांनी कान गेलेले सैनिक परतत होते. १९४४ मध्ये लष्कराने कारहार्ट यांना कॅप्टन करून पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी, डेशॉन रुग्णालयात पाठवलं.

त्या काळचं श्रवणयंत्र म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा डबा, वेगळ्या बॅटऱ्या आणि कानापर्यंत जाणारी वायर. ते अंगावर बाळगावं लागे. पण कारहार्ट यांना यंत्राच्या वजनापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ‘पीं’ असा सूर ऐकू येणं वेगळं आणि माणसाचं बोलणं समजणं वेगळं. म्हणून त्यांनी तपासणीत शब्द आणले. एकाच सैनिकावर वेगवेगळी यंत्रं लावून ते पाहत: किती हळू बोललेलं ऐकू येतं? किती मोठा आवाज सोसतो? गोंगाटात किती कळतं? सारखे वाटणारे शब्द वेगळे ओळखता येतात का?

एवढं करून यंत्र हातात दिलं, की काम संपत नसे. सैनिक साधारण आठ आठवडे तिथेच राहत. ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायला शिकत आणि ऐकण्याचा सराव करत. पुढे मोठ्यांच्या सरावाबद्दल लिहिताना कारहार्ट यांनी अवघड प्रसंगांवर भर दिला: मागे गोंगाट असताना ऐकणं, दुसरं कुणी बोलत असताना ऐकणं, टेलिफोनवर ऐकणं.

याला कारण आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज चटकन असह्य होतो. शिवाय वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला पंखा, भांडी, रस्ता यांतून बोलणं वेगळं काढायची सवय राहिलेली नसते. यंत्र आवाज वाढवतं, सवय लावून देत नाही.

युद्धानंतर नॉर्थवेस्टर्नला परतून कारहार्ट यांनी ऑडिओलॉजी हा स्वतंत्र विषय उभा केला. त्यांची यंत्र निवडायची पद्धत अनेक ठिकाणी उचलली गेली. १९६० मध्ये शोर, बिल्गर आणि हर्श यांनी त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा घेऊन पाहिल्या. त्यांना आढळलं, की यंत्रायंत्रांतला फरक या चाचण्यांतून भरवशाने सांगता येत नाही. म्हणजे कारहार्ट यांच्या कामातला जो भाग सर्वांत जास्त गाजला, तोच कच्चा निघाला. आठ आठवड्यांचा सराव मात्र आजही पटतो, आणि आपल्याकडे दुकानात मशीन घेताना नेमका तोच मिळत नाही.

हे वाचल्यावर मी आजोबांना ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी मशीनचा आवाज नव्याने जुळवून दिला आणि मग आमचा सराव सुरू झाला. पहिला आठवडा बंद खोलीत, रोज अर्धा तास, समोरासमोर बसून मी पेपर वाचायचो. मग पंखा लावून. मग टीव्ही चालू ठेवून. आजोबा वैतागायचे, मीही वैतागायचो. काही दिवस चुकले.

परवा आत्याचा फोन आला. आजोबा दोनदा “काय?” म्हणाले. पूर्वी पहिल्या “काय?”नंतरच फोन माझ्या हातात यायचा. या वेळी त्यांनी तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि पाऊस कितपत झाला, तेही विचारलं.