रक्षणाची परंपरा : सय्यद नईमुद्दीन आणि हैदराबादचा फुटबॉल

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी फुटबॉलचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या शहरात आपल्या कित्येक पिढ्या नांदल्या, त्याचा इतिहास निजामी राजवट, मुक्तिसंग्राम आणि भाषावार प्रांतरचना एवढ्यावरच संपत नाही, असे माझे मत आहे. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. आपल्या सांस्कृतिक इतिहासात या घटनेला एका ओळीचीही जागा मिळालेली नाही.

त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुडा आणि चादरघाट ही आपल्या नित्य परिचयाची ठिकाणे. तेथील शाळांतून त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या पद्धतीतही शिक्षकाचाच पिंड दिसतो. चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मज्जाव असलेले सामने ते भरवीत, कारण खेळाडूला चटकन चेंडू पुढे देण्याची सवय लागावी. दुबळ्या पायानेच खेळण्याचे सामनेही ते भरवीत. व्याकरणाचा एकच नियम मुलांकडून घोटवून घेणाऱ्या गुरुजींची ही रीत आहे. १९५१ मध्ये दिल्लीला आणि १९६२ मध्ये जकार्त्याला भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९६३ च्या जून महिन्यात ते निवर्तले.

या पोलीस संघाच्या परंपरेत १९४४ साली हैदराबादेत जन्मलेले सय्यद नईमुद्दीन तयार झाले. ते बचावपटू होते, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उभा राहतो. बचावपटूचा इतिहास लिहावा कसा? आघाडीच्या खेळाडूने केलेला गोल नोंदवहीत चढतो. बचावपटूने न होऊ दिलेला गोल कोणत्या रकान्यात लिहायचा? जकार्त्याच्या अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. त्या स्पर्धेतील जर्नेलसिंगांचे नाव आजही घेतले जाते, परंतु का? डोक्याला टाके पडलेल्या त्या बचावपटूला रहीमसाहेबांनी आघाडीला खेळवले आणि त्याने गोल केला, म्हणून! जन्मभर ज्या कामात त्याने हयात घालवली, ते काम मागेच राहिले.

हे काम थोडे समजून घेतले पाहिजे. जुन्या रचनेत मागे तिघे असत आणि मधल्या ‘स्टॉपर’ने प्रतिपक्षाच्या मुख्य आघाडीवीराला सावलीसारखे चिकटून राहावे, अशी अपेक्षा असे. मागे चौघे ठेवण्याची पद्धत रुळली तेव्हा मधल्या दोघांनी परस्परांची पाठ राखणे आले. एक पुढे सरसावला की दुसऱ्याने दोन पावले मागे, थोडे आडवे उभे राहायचे. चेंडूपेक्षा सहकाऱ्यावर आणि मोकळ्या जागेवर नजर ठेवणारा हा खेळ आहे. चांगला बचावपटू धावताना फारसा दिसत नाही. तो आधीच तेथे पोहोचलेला असतो.

१९६६ मध्ये नईमुद्दीन कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. मोहन बागान आणि मोहमेडन स्पोर्टिंग या संघांकडूनही ते खेळले. हैदराबादचे खेळाडू असे एकेक करून कोलकात्याला जात राहिले आणि आपली मैदाने ओस पडत गेली, हे दुःखाने नमूद करावे लागते. अर्थात पोटाचा प्रश्न असलेल्या तरुणांना त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत नईमुद्दीन भारताचे कर्णधार होते. जपानला १-० असे नमवून आपण कांस्यपदक मिळवले. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. हैदराबादचा माणूस कर्णधार आहे याचा अभिमान आम्हा मित्रांना पदकापेक्षा काकणभर जास्तच होता. आशियाई स्पर्धांत भारताला फुटबॉलचे पदक त्यानंतर मिळालेले नाही. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी कोलकात्याच्या या तिन्ही संघांची धुरा वाहिली. १९९० मध्ये ईस्ट बंगालने आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स या तिन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या, तेव्हा प्रशिक्षक नईमुद्दीन होते. त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला मिळालेला तो पहिलाच. सराव, आहार आणि वेळ यांबाबतची त्यांची करडी शिस्त सर्वश्रुत होती. काही खेळाडूंना ती जाचक वाटे. माझ्या मते ही शिस्त बचावपटूच्या अनुभवातून आलेली आहे. आघाडीवीराने नऊ संधी दवडून दहावी साधली तर तो नायक ठरतो. बचावपटूने नऊ हल्ले परतवून दहाव्यात चूक केली तर तो खलनायक ठरतो. ज्याने असे आयुष्य काढले, त्याला ढिलाई सोसत नाही.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९९७ मध्ये काठमांडूत आणि २००५ च्या डिसेंबरात कराचीत दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळवले. कराचीच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाचा २-० असा पराभव झाला. मात्र पुढील तीन महिन्यांच्या आतच आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत जपानने ६-० आणि येमेनने ३-० अशी आपली धूळधाण उडवली, आणि त्याच वर्षी बॉब हॉटन या इंग्रज प्रशिक्षकाकडे संघ सोपवण्यात आला. या पराभवांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. दक्षिण आशियात पुरेशी पडणारी तयारी जपानपुढे अपुरी होती. तथापि ती दरी एका माणसाच्या सरावपद्धतीने पडलेली नव्हती. १९७० मध्ये ज्या जपानला आपण हरवले होते, त्याने मधल्या काळात व्यावसायिक लीग उभारली आणि विश्वचषक गाठला. आपण तेवढ्या अवधीत काय उभारले, याचा जाब केवळ प्रशिक्षकाला विचारणे अन्यायाचे आहे.

त्यानंतर २००७ मध्ये, ज्या बांगलादेशाला त्यांनी कराचीत हरवले होते, त्याच देशाने आपला राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती दिला. ढाक्याला ते नवखे नव्हते. तेथील ब्रदर्स युनियन या संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी भूषविले होते. काचीगुड्याच्या एका शाळामास्तरांनी घातलेली घडी अशी कोलकात्यावरून थेट ढाक्यापर्यंत पोहोचली.